कोणत्या कामाला कोण

उपकारस्तुतीच्या आदल्या दुपारी
चर्चच्या पडवीत आम्ही पत्रावळी लावत होतो,
दोनशे ताटांचा अंदाज, हात दोघींचेच.
पाद्रीबुवा दारव्ह्याहून सकाळच्या गाडीने येणार.
महिन्यातून एकदा येतात.
मधले तीन रविवार माझे,
शब्बाथशाळेच्या बाईचे.

रिबकाकाकूने काडी दातात धरली, म्हणाली,
"मास्तरीणबाई, मले एक सांग.
सातबारा तलाठ्याकडं, रेशन कंट्रोलवाल्याकडं,
माणसाले समजते कोणत्या खिडकीत उभं राहाचं.
इथं तीन खिडक्या.
कोणत्या कामाले कोण?"

मला उत्तर पाठ होतं.
पित्याने योजिले, पुत्राने साधिले,
आत्मा ते आपल्यापर्यंत पोचवितो.
बायबल परीक्षेत यावर
पाचपैकी साडेचार मिळाले होते.

"म्हंजे दोघाईचं काम उरकलं,
अन् आत्मा एकटाच ड्युटीवर?"

मी हसले. मग हसू आवरून
ढिगातला एक पळस उचलला,
म्हटलं, आपल्यात म्हणतातच ना,
पळसाला पानं तीनच.

तिने तो माझ्या हातातून घेतला.
दहाव्या वर्षापासून टोचत आलेली बोटं,
नखांत काळा चीक.
"तीन नोको म्हणू. पान एकच हाये, देठ पाहाय.
ही मधली सरळ अन् मोठी.
ह्या दोघी कडेच्या, एका अंगानं फुगलेल्या.
बुडाले कोणती लावाची, काठाले कोणती,
हाताले समजते. तोंडाले नाही सांगता येत.
अन् मधलीले बाप म्हणू नोको,
उद्या पोराईले तसंच शिकवशील."

मी पळस ढिगात परत ठेवला.

बराच वेळ नुसता काड्या मोडल्याचा आवाज.
अडाणेकडून वारा आला, दोन पानं उडाली,
तिने उठून आणली.

"बुढा गेला ना माहा, त्या रात्री,"
ती पानांशीच बोलावी तशी बोलली,
"पाण्याचा गिलास हातात, अन् तोंडात नाव येईना.
बापाले हाक मारू, का येशूले?
काहीच आठवे ना.
गाभण म्हैस कण्हते तशी कण्हत बसली मी.
मंग वाटलं, हे कण्हणं माहं नोहे.
माह्यातून दुसरंच कोणी कण्हते.
अन् कोण्या एकानं हे आधी सोसलं हाये,
लाकडावर, तहानेनं,
त्याले हे समजावून सांगा नाही लागत.
अन् कोणी ऐकते.
दूरून नाही. उशापाशी."

"तिघे?" मी विचारलं.

"मोजले नाही वं.
खोलीत जागा कुठं होती,
बाज, चूल अन् मी."

मग तिने काडी टोचली, तोडली.
"फटफटताना तो गेलाच."

एकशे ब्याण्णव झाल्या.
उरलेल्या आठ तिने कंदिलावर केल्या,
मला घरी पाठवून.

सकाळी पाद्रीबुवांनी हात उचलले.
पित्याच्या, पुत्राच्या,
आणि पवित्र आत्म्याच्या नावाने.
वर्षानुवर्षं ऐकलेलं.
पण मी मुलांना व्याकरणही शिकवते,
आणि त्या दिवशी पहिल्यांदा अडखळले.
नावांनी नाही. नावाने.
तिघांचे षष्ठीचे प्रत्यय वेगळे वेगळे लागून
शेवटी एकवचन.
मागे वळून काकूकडे पाहिलं.
तिचे डोळे मिटलेले, ओठ हलत नव्हते.

जेवणात वरण पातळ झालं होतं.
पंगतीत माझ्या समोर जी पत्रावळ आली
ती मीच लावलेली असावी,
मधल्या जोडावरून वरण झिरपलं,
माझ्या पदरापर्यंत आलं.

शेजारी काकू भात कालवत होती.
तिची पत्रावळ कोरडी.
तिने माझ्याकडे पाहिलं,
काही न बोलता आपली थोडी सरकवली
आणि म्हणाली, "घे, इच्यात जेव."